बाई संपावर आहेत

हल्ली कुणी माझ्यासमोर 'होमस्कूलिंग' हा शब्द काढला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. परवा एका वाढदिवसाला गेले होते. पुण्याहून इथं कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेलं जोडपं. घर छान, माणसंही छान. ती बायको मला कौतुकानं सांगायला लागली, आम्ही मुलीला शाळेत घालणारच नाही, घरीच शिकवणार, परदेशात किती लोक असंच करतात, आपल्याकडे अजून कुणाला याची कल्पनाच नाही. मी हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, "शिकवणार कोण?"

"आम्ही दोघं मिळून," ती म्हणाली.

"दोघं मिळून म्हणजे तू," मी म्हटलं. नवरा मोठ्यानं हसला. मी विनोद केला नव्हता.

मी घरच्याच शाळेत शिकले आहे. इथंच, हैदराबादेत, काचीगुड्याच्या एका कंपाउंडात, किरायाच्या दोन खोल्यांत. तेव्हा गल्लीत केबलची वायर नुकतीच एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जायला लागली होती, आणि 'होमस्कूलिंग' हा शब्द कुणाच्या कानावरही पडलेला नव्हता. लोकांना वाटायचं, या किरिस्तावांच्या पोरींनी काहीतरी प्रताप केलाय, म्हणून शाळेतून काढून टाकलंय. मी अकरा वर्षांची, धाकटी आठची. आम्ही कसला प्रताप करणार, कप्पाळ!

आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे जालन्याकडचे. पप्पा रेल्वेच्या ऑफिसात कारकून. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटेल. पण त्या वर्षांत त्यांना हिमायतनगरमधल्या एका इंग्रजी फेलोशिपचा नाद लागला. एका हॉलमध्ये दर रविवारी सभा. गिटार, माईक, गुळगुळीत फरशी. आमच्या जुन्या मराठी चर्चची मंडळी, पेटी-तबल्यावरची गाणी, बाकांखालून फिरणारी मांजर, हे सगळं पप्पांना एकदम गावंढळ वाटायला लागलं. त्या फेलोशिपचे पुढारी परदेशात राहून आलेले. त्यांना सगळे 'ब्रदर' आणि त्यांच्या बायकोला 'सिस्टर' म्हणत. ब्रदर बोलायचे छान, त्यात वाद नाही. जग बिघडलंय, टीव्हीतून सैतान घरात शिरलाय, शाळा म्हणजे सैतानाचं अंगण, असं ते सांगायचे. त्याच सुमारास आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सातवीच्या मुली सिनेमाच्या गाण्यावर कंबर हलवून नाचल्या, आणि झालं! पप्पांनी आमची नावं शाळेतून काढली.

शिकवणार कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आईनं डी.एड. केलेलं होतं. ती इथल्याच एका मराठी शाळेत नोकरी करत होती आणि तिथली मुलं तिच्या नावानं घाबरायची आणि तिच्यासाठी पेरूही आणायची. ती नोकरी तिनं सोडायची, हे पप्पांनी आणि ब्रदरनी चहा पिता पिता ठरवलं. चहा आईनंच केला होता.

मग अमेरिकेहून पुस्तकांचा खोका आला. चकचकीत कागद, रंगीत चित्रं. सगळे धडे इंग्रजीत आणि सगळे धडे बर्फातले. एक मुलगा बर्फात घसरतो, एक मुलगी बर्फाचा माणूस करते. आम्हाला बर्फ ठाऊक होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावरचा, भुशात गुंडाळलेला. गणितात रुपये-पैसे नव्हते, वेगळीच नाणी होती आणि त्यातलं सगळ्यात लहान नाणं सगळ्यात कमी किमतीचं नव्हतं. आई म्हणाली, "ज्यांना नाणी धड पाडता येत नाहीत ते माझ्या पोरींना हिशेब शिकवणार!"

पण ती हरणारी नव्हती. भांडी आवरली की डिक्शनरी घेऊन बसायची, दुसऱ्या दिवशीचा धडा आधी स्वतः शिकायची, मग तो मराठीत आणायची, मग आम्हाला शिकवायची, आणि आम्ही उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचं. खोक्यात मराठीचं पुस्तक नव्हतंच. पप्पा म्हणाले, मराठी कुठं लागणार आहे यांना? आईनं वेळापत्रक बदललं. दुसऱ्या दिवसापासून शेवटचा तास मराठीचा, शुद्धलेखनासकट. मी आज हे लिहू शकते ते त्या तासामुळे.

शाळा म्हणजे शाळा. पप्पा डबा घेऊन निघाले की आम्ही दप्तरं पाठीला लावून पुढच्या दारानं बाहेर पडायचं, नळाला वळसा घालायचा आणि मागच्या दारानं आत यायचं. दारात आई उभी. पदराला पिन, हातात घड्याळ, चेहऱ्यावर ओळख नाही. "नमस्ते बाई" म्हणायचं. शाळा सुटेपर्यंत तिला आई म्हणायची बंदी होती. एकदा धाकटी रडवेली होऊन म्हणाली, "आई, भूक लागली." आई म्हणाली, "इथं कुणाची आई नाही. मधली सुट्टी झाली की घरी जा आणि आईला सांग." सुट्टी झाल्यावर ते ध्यान खरंच नळाला वळसा घालून पुढच्या दारानं आलं, आणि त्याच बाईनं, पदराची पिन काढून, तिला मांडीवर घेऊन लाडू भरवला.

आणि रविवारी सभेत पप्पा उभं राहून साक्ष द्यायचे, म्हणजे देवानं आपल्या हातून काय करवलं ते सगळ्यांना सांगायचे. "वी आर टीचिंग अवर चिल्ड्रन ॲट होम." वी! आम्ही! पप्पांचं शिकवणं म्हणजे संध्याकाळी आमच्या वह्यांवर लाल शाईनं 'गुड' लिहिणं. सगळे टाळ्या वाजवायचे आणि आई मागच्या रांगेत धाकटीच्या वेण्या सारख्या करत बसायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सणवारही खोक्यातून यायला लागले. एका धड्यात गोऱ्या लोकांचा आभाराचा सण होता, त्यात एक भला मोठा पक्षी भाजलेला. त्या पक्ष्याचं कागदी चित्र कापून भिंतीला लावा, असा गृहपाठ. आईनं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "हा कोंबडा म्हणावा की मोर?" मग कात्री बाजूला ठेवली आणि आम्हाला आमच्या गावच्या सुगीच्या सणावर निबंध लिहायला लावला. लोक भोपळे, कणसं, शेंगांच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन देवळात येतात, आणि पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत कोंबडी ओरडते. देवळात म्हणजे आमच्या देवळात; आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तो निबंध पप्पांनी ब्रदरला दाखवला नाही.

नाताळ मात्र आईनं कुणाच्या हाती लागू दिला नव्हता. आमचा नाताळ म्हणजे फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. केकचं मिश्रण घरी फेटायचं आणि नारायणगुड्याच्या बेकरीत भाजायला द्यायचं. आणि कंपाउंडात घरोघर ताटं पाठवायची, क्रोशाच्या रुमालानं झाकून. त्या करंज्यांना मुरड घालायला शेजारच्या काकू यायच्या.

आता काकूंविषयी सांगते, कारण सगळं त्यांच्यावरूनच घडलं. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. परभणीकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा स्टेशनाजवळच्या ऑफिसात, घरात लेकरं आणि म्हाताऱ्या सासूबाई. बोलायच्या आमच्या तिकडचंच मराठी, पण हैदराबादेत इतकी वर्षं काढल्यामुळे त्यात 'हौ' आणि 'नक्को' बेमालूम मिसळलेले. आईला त्या 'मास्तरीणबाई' म्हणत. धाकटीच्या वेळी आईला कावीळ झाली तेव्हा काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवू घातलं, पप्पांनासुद्धा. बाळाचे लंगोट धुतले. दिवाळीला आई त्यांच्याकडे चकल्या पाडायला जायची, नाताळला त्या आमच्याकडे. नोकरी सुटल्यावर तर आईला या गावात पोटभर बोलायला काकूंशिवाय माणूसच उरलं नव्हतं. फेलोशिपमधल्या बायका इंग्रजीत नाहीतर तेलुगूत बोलायच्या, आणि आईशी बोलताना हळूहळू बोलायच्या, बहिऱ्याशी बोलावं तसं.

काकूंच्या सासूबाई कडक. दिवाळीत देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या कुणी शंकरपाळ्याचा तुकडा जरी तोंडात टाकला, तरी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचा. "आधी देवाचं, मग माणसाचं!" नैवेद्य झाला, आरती झाली, की मग काकू झाकलेलं ताट घेऊन आमच्या दारात. आम्ही दोघी त्या ताटाची चातकासारखी वाट बघायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ब्रदरनी मूर्तीला दाखवलेल्या अन्नावर प्रवचन दिलं. असलं अन्न घरात घेणं म्हणजे काय आणि काय. पप्पा वहीत लिहून घेत होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "अहो, बायबलात त्याच पानावर खाली, समोर वाढलेलं काही न विचारता खा, असं लिहिलंय ते वाचलंत का? का ब्रदर थांबले तिथंच तुम्हीपण थांबलात?" पप्पा म्हणाले, "अगं, उगाच वाद घालू नको."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काकू आल्या. नवं लुगडं, केसांत फूल, हातात ताट. दार पप्पांनी उघडलं. एरवी हा माणूस दारावरची बेल वाजली तरी पेपरातून डोकं वर काढत नसे! आई आत कणीक मळत होती. पप्पा म्हणाले, "काकू, राग मानू नका. आम्हाला मूर्तीला दाखवलेलं चालत नाही."

काकू म्हणाल्या, "आं?"

"तुम्ही देवापुढं ठेवता ना, ते आम्ही खात नाही. यापुढं नका आणू."

त्यांच्या सासूबाई शेजारच्या ओसरीवरच बसल्या होत्या. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पप्पांकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग फक्त "बरं" म्हणाल्या आणि वळल्या. आई कणकेच्या हातानं धावत बाहेर आली तोवर त्यांचं दार लागलं होतं.

यावर पप्पांनी काय करावं? आम्हा दोघींना बोलावून सांगितलं की आज तुम्ही प्रत्यक्ष धडा बघितलात, खोक्यातल्या पुस्तकात 'निर्भयपणा' नावाचा पाठ आहे त्यावर उद्या निबंध लिहा. निर्भयपणा! एका बाईच्या हातातलं ताट परतवायला कसला आलाय निर्भयपणा? आमच्या घरी तेव्हा मुली बोलत नसत. पण मनातल्या मनात मी त्यांना जे म्हटलं ते आजही इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी आई काकूंकडे गेली. लगेच परत आली आणि पदरानं तोंड पुसत बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "या म्हणाल्या, बसा म्हणाल्या. पाणी दिलं." मग म्हणाली, "चहा नाही विचारला." त्या घरात आईला कधी कुणी चहा विचारतच नसे, ती गेली की स्टोव्हवर आधण चढायचंच. पाण्यावर परत आलेली आई मी पहिल्यांदा बघितली. ती रडली असती तरी मला बरं वाटलं असतं.

दिवस गेले तसं ते वाढतच गेलं. नळावर काकू आईच्या आधी नाहीतर नंतर यायच्या. भिंतीपलीकडून हाक येणं बंद झालं. आई शिकवायची, पण वाक्य अर्धवट सोडून खिडकीकडे बघायची. शेवटी एका सोमवारी पप्पा डबा घ्यायला आले तेव्हा आई म्हणाली, "आजपासून शाळा बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई संपावर आहेत. स्वयंपाक होईल, धुणं होईल, पोरींच्या वेण्या होतील. शाळा होणार नाही."

पप्पा हसले. रेल्वेतल्या माणसाला संप काही नवा नव्हता. "आणि मागण्या काय आहेत बाईंच्या?"

"एकच. नाताळचं ताट काकूंकडे तुम्ही घेऊन जायचं. मी नाही, पोरी नाहीत. तुम्ही. दार तुम्ही लावलंत, तुम्हीच उघडा."

"मी माफी मागू? सत्य सांगितल्याबद्दल?"

"डबा घ्या. उशीर होतोय," आई म्हणाली.

आम्ही सवयीनं नळाला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. दार बंद. धाकटीनं ठकठक केलं. आतून आवाज आला, "बाई रजेवर आहेत. घरी जा." आम्ही पुढून घरी आलो तर आई आमच्यासाठी साखरभाकरीचा मलिदा करून बसली होती.

पप्पांना वाटलं, दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाही. शेवटी त्यांनी रजा टाकली आणि स्वतः शिकवायला बसले. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं. खाली उतरल्यावर कळतं. धाकटीनं विचारलं, "पप्पा, हे डाइमचं नाणं म्हणजे किती?" पप्पांना माहीत नव्हतं. अपूर्णांकांच्या बेरजेत खालचे आकडेही त्यांनी मिळवून टाकले, आणि मी तसं म्हटल्यावर म्हणाले, अमेरिकेत असंच करतात. आई तिथंच तांदूळ निवडत होती. खडा सापडला की ताटलीत टाकायची, टण्ण. पप्पा तिच्याकडे बघायचे, ती तांदळाकडे. जेवायच्या वेळेपर्यंत पप्पांचा आवाज बसला.

त्यातच ब्रदरचा निरोप आला, नाताळाआधी तुमची घरची शाळा बघायला येतो, सगळ्यांना तुमचा आदर्श सांगायचाय. पप्पांची धांदल उडाली. आईला म्हणाले, निदान एक दिवस! आई म्हणाली, ताट. पप्पा म्हणाले, आधी हे पार पडू दे. आई म्हणाली, "मग तुम्हीच पार पाडा."

ब्रदर आले, मोठ्या नव्या गाडीतून, सेंटचा वास घेऊन. पप्पा फळ्यापाशी घामाघूम. ब्रदरनी प्रेमानं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून तिची टीचर कुठं आहे असं इंग्रजीत विचारलं. ती खणखणीत म्हणाली, "टीचर स्ट्राइक पे है." घरात आम्हाला तिनंच, म्हणजे टीचरनंच, नेहमी खरं बोलायला शिकवलं होतं.

ब्रदरनी पप्पांना बाजूला घेतलं. दोन खोल्यांच्या घरात बाजू म्हणजे केवढी? आम्हाला सगळं ऐकू आलं. पुरुष हा घराचं मस्तक आहे, ज्याला आपलं घर ताब्यात ठेवता येत नाही तो काय साक्ष देणार, वगैरे. आई चहाचा ट्रे घेऊन आली. कप पुढं केला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हैदराबादी हिंदीत, अगदी आदरानं विचारलं, "ब्रदर, आप के बच्चों को घर में कौन पढ़ाता? सिस्टर पढ़ातीं?"

ब्रदरनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले की त्यांची मुलं बोर्डिंगमध्ये असतात. डोंगरावरच्या एका मोठ्या शाळेत. सेवेच्या कामामुळे घरी वेळ मिळत नाही, म्हणून.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! माझ्या आईची नोकरी घालवली, माझ्या मैत्रिणी सोडवल्या, माझी शाळा सोडवली, आणि यांची लेकरं डोंगरावर थंड हवेत क्रिकेट खेळतायत! पप्पांचा चेहरा मी बघितला. त्यांनाही हे माहीत नव्हतं. ते ब्रदरना गाडीपर्यंत सोडायला गेले नाहीत. आई मात्र गेली, आणि "फिर आइए" म्हणून आली.

नाताळचा फराळ त्या वर्षी आईनं एकटीनं केला. करंज्यांना मुरड घातली नाही, कातण्यानं कापल्या. माझ्या हातची मुरड उसवायची आणि तेलात सारण सांडायचं. भिंतीपलीकडे काकू आहेत, त्यांना तळणाचा वास जातोय, आणि त्या येत नाहीयेत, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मध्येच झारा खाली ठेवून आई म्हणाली, "एवढ्याशा खोलीत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं गं." मी पीठ चाळत राहिले.

नाताळच्या सकाळी उपासनेहून आलो. पप्पांनी कोट तसाच ठेवला, स्वतः ताट भरलं. करंज्या कुठल्या बाजूला आणि चकल्या कुठल्या, हे त्यांना माहीत नव्हतं. सगळा ढीग झाला. आईनं तो नीट केला नाही. रुमाल तेवढा दिला. पप्पा निघाले आणि त्यांच्या मागं आई, आईच्या मागं आम्ही दोघी.

काकूंनी दार उघडलं. पप्पा आमच्या ख्रिस्ती पद्धतीनं म्हणाले, "सलाम, काकू. नाताळच्या शुभेच्छा." मग घसा साफ केला. "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं." आईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. तेवढ्यावर थांबायचं की नाही माणसानं! पण नाही. "पण काकू, तुम्हीही समजून घ्या. आमच्यात नैवेद्याचं अन्न..."

"आत या," काकू म्हणाल्या. "दारात नक्को."

आत सासूबाई खाटेवर माळ ओढत बसल्या होत्या. काकूंनी ताट घेतलं, कोनाड्यात ठेवलं आणि पदर खोचून पप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, किरिस्तावांना नैवेद्याचं चालत नाही, हे तुम्ही मला शिकवायलेत व्हय? आमच्या गावात मिशनचा दवाखाना होता. तिथल्या नर्सबाई अन् माझी माय मैत्रिणी. माझी माय त्यांचं ताट देवाच्या आधी काढायची. त्यांना खाताना मनात किंतु नको म्हणून. मी बी तेच केलं. तुम्ही इथं राहायला आलात त्या पहिल्या दिवाळीपासून तुमचं ताट आधी काढलं, कोठीत झाकून ठुवलं, अन् मग देवाला दाखवलं. यंदाचं बी तसंच होतं."

सासूबाईंची माळ थांबली. "काय म्हणालीस गं?"

काकूंनी मागं वळून बघितलं नाही. "हौ, आत्याबाई. तुमच्या पाठीमागं केलं."

आईनं विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत, काकू?"

"कामून बोलू? आत्याबाई ओसरीवर होत्या हे एक. पण नसत्या तरी कामून बोलू, मास्तरीणबाई? चोरी मी करायची तुमच्यासाठी, अन् सफाई बी मीच द्यायची?"

मला वाटलं, जमीन फाटावी आणि तिनं पप्पांना पोटात घ्यावं. ज्या घरात लेकरानं शंकरपाळं उचललं तर आकाश कोसळायचं, त्या घरात या बाईनं वर्षानुवर्षं आपल्या देवाला ताटकळत ठेवलं. कुणासाठी? आमच्यासाठी. आमच्या मनाला डाग लागू नये म्हणून तिनं आपल्या मनाला लावून घेतला, आणि एका शब्दानं कधी उपकार दाखवला नाही. आणि आम्ही? आम्ही त्यावर निर्भयपणाचा निबंध लिहिला! कुठल्या खोक्यातल्या कुठल्या पुस्तकात हे शिकवतात, सांगा मला. कुठले ब्रदर शिकवतात?

पप्पांनी हात जोडले.

"हात नका जोडू, भाऊ," काकू म्हणाल्या. "ताट मी ठुवून घेतलं, लेकरं खातील. पण आता एक ऐका. पुढच्या दिवाळीपासून मी चोरी करणार नाही. आधी देवाला दाखवीन, मग तुमच्याकडं आणीन. घ्यायचं तर घ्या, नाहीतर नक्को म्हणा."

पप्पांनी आईकडे बघितलं. धड्यातलं उत्तर येत नसलं की आम्ही जसं तिच्याकडे बघायचो, तसं. आई पुढं झाली आणि तिनं काकूंचे दोन्ही हात धरले.

"आणा, काकू," ती म्हणाली. "आधी त्याला वाढा. आमच्यापायी फार वर्षं थांबला बिचारा."